निवळायला जागा

नाशिकच्या पुराची मापं ठरलेली आहेत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत गेलं; त्यापुढे नारोशंकराच्या देवळाची घंटा. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ हे पूर नाशिककरांच्या डोक्यात याच मापांनी बसले आहेत. पाणी किती आलं ते मारुतीवरून कळतं. त्या पाण्यातून काय आलं, याचं माप मात्र गावात कुठेच नाही. सातपूर-अंबडचे रस्ते, द्वारकेचा चौक, गोठे, गॅरेजं, बांधकामं... आठ महिने साचलेलं सगळं दोन तासांच्या पावसात नासर्डी, वाघाडी, वालदेवीतून गोदावरीत जातं आणि पूर ओसरला की शहरापुरता विषय मिटतो. ते पाणी सायखेडा-चांदोरीवरून निफाड तालुक्यात उतरतं आणि गोदावरी-कादवेच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला येऊन पहिल्यांदा थांबतं.

त्याच बंधाऱ्याच्या फुगवट्यावर, चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर, हिवाळ्यातल्या एका सकाळी दोघांची जुंपली. एक माझे शेजारी, पाटबंधारे खात्यात हयात घालवलेले निवृत्त अभियंता. आमची सगळी कॉलनी त्यांना मामा म्हणते. दुसरी त्यांची सख्खी भाची; कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडते. मी गाडी चालवायला होतो. मध्ये बोलायला फारशी संधी मिळाली नाही, त्यामुळे ऐकलं मात्र नीट.

मामा : एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. हे जे तू दुर्बिणीतून बघतेस ना, ते आमच्या खात्याच्या हिशेबात नुकसान आहे. इंग्रजांनी हा बंधारा घातला तो पाखरांसाठी नाही. वरून, दारणेतून आलेलं पाणी इथे अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत चढवायचं. पार कोपरगाव, राहात्यापर्यंतची शेती यावर. आज धरणसाठ्याच्या यादीत गंगापूरपुढे ५६३० दशलक्ष घनफूट लिहितात आणि याच्यापुढे २५७. विसावा हिस्सासुद्धा नाही. एवढा पसारा दिसतो डोळ्यांना, मग पाणी का मावत नाही? शंभर वर्षांचा गाळ बसलाय खाली.

भाची : आणि त्याच गाळावर १९८६ साली अभयारण्य झालं. २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. अडीचशेच्या वर जातींचे पक्षी नोंदलेत इथे. तुमचं नुकसान जगाने मोलाचं ठरवलं, मामा.

मामा : जगाने ठरवलं म्हणून चारीला पाणी येत नाही.

भाची : येत नाही, मान्य. पण हे झालं कसं ते तरी बघा. इथे पाणी थांबलं, म्हणून गाळ बसला. गाळ बसला म्हणून उथळ झालं. उथळ झालं म्हणून ऊन तळापर्यंत पोचलं, तळाला पाणवनस्पती आल्या, त्यांच्यात गोगलगाई, अळ्या, माशांची पिल्लं. तो बघा शेकाट्या, लाल काड्यांवर उभा असल्यासारखा. त्याला वीतभर पाणी लागतं. चमच्याला गुडघाभर. ते हळदी-कुंकू बदक डोकं खाली आणि शेपटी वर करून चरतंय, त्याची मान पोचेल एवढंच पाणी हवं. गंगापूर धरणाच्या मधोमध यातलं काय दिसणार तुम्हाला? पाणकावळा, फार तर.

मामा : म्हणजे नाशिकने घाण आणि माती इकडे लोटली हे फार छान केलं, असं म्हणायचंय?

या प्रश्नाला ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती उलट सावरून बसली. मला वाटतं, तिला हाच प्रश्न हवा होता.

भाची : अजिबात नाही. मी म्हणते, हे जे काम हा बंधारा करतोय ते त्याचं नाहीच. शहराच्या पावसाचं पाणी नदीत पडण्याआधी शहरातच थांबायला हवं. नाल्याच्या तोंडाशी तळं. फार मोठं नको, दीड मीटर खोल, काठ उतरता. पाणी तिथे दिवस-दोन दिवस थांबेल, बसायचं ते बसेल, आणि मग नदीत जाईल. जगात कितीतरी शहरं हे करतात. सांडपाण्यासाठी आपल्याकडे तपोवनला, आगर टाकळीला, चेहेडीला, पंचकला केंद्रं आहेत. पुरी पडतात की नाही हा वेगळा वाद, त्यासाठी लोक २०१२ साली उच्च न्यायालयात गेलेच. पण रस्त्यावरून धुऊन येणाऱ्या पावसाच्या पाण्याला केंद्रच नाही. ते तसंच नदीत.

मामा : पावसाचं पाणी स्वच्छ असतं.

भाची : आभाळातून पडेपर्यंत. द्वारकेवरून वाहत आलेलं नसतं. टायरची झीज, ब्रेकची धूळ, सांडलेलं ऑइल, शेण, प्लास्टिक. त्यातही सगळ्यात वाईट पहिल्या पावसाचं. वळवाच्या पहिल्या सरीला नासर्डीचा रंग बघितलाय ना तुम्ही? तेवढं पहिलं पाणी धरलं तरी निम्मी लढाई जिंकली.

मामा : पहिला पाऊस म्हणजे किती? दहा मिलिमीटर धरू. एका हेक्टरवर दहा मिलिमीटर पडला तर एक लाख लिटर. महापालिकेची हद्द सुमारे २६० चौरस किलोमीटर. त्यातला चौथा हिस्सा डांबर, काँक्रीट आणि छपरं आहेत असं समज. पासष्ट कोटी लिटर. दीड मीटर खोलीने भाग. त्रेचाळीस हेक्टर, म्हणजे शंभराहून जास्त एकर. नाशिकमध्ये आज गुंठ्याचा भाव माहिती आहे तुला?

हे त्यांनी मनातल्या मनात केलं, कागदही न घेता. मी घरी येऊन तपासलं, बरोबर होतं. अशा माणसाशी वाद घालायचा तर आकडे घेऊनच जावं लागतं, आणि भाचीला ते ठाऊक असावं.

भाची : एका जागी शंभर एकर कोण मागतंय? नासर्डीवर चार, वाघाडीवर दोन, बाकीचे मोठे नाले आहेत त्यांच्या तोंडाशी एकेक. आणि जागा नाही म्हणता, तर २०१५ च्या सिंहस्थाला साधुग्रामसाठी तपोवनात तीनशे एकरांच्या वर जागा मिळालीच की.

मामा : ती तात्पुरती, भाड्याने. तळं भाड्याच्या जागेत होत नाही.

भाची : पण इच्छा असली की जागा मिळते, एवढं तरी कबूल करा. दुसरं, जागा नव्हती म्हणून आपण काय केलं? नाले झाकले. सरस्वती नाला झाकला, वर बाजार बसवला. आता तासभर जोराचा पाऊस झाला की दहीपूल आणि सराफ बाजारात दुकानांत पाणी शिरतं. पाण्याने आपली जागा घेतलीच, फक्त आपल्या सोयीने नाही.

मामा : ते मला सांगू नकोस. नाला झाकण्याच्या मी कायम विरुद्ध होतो.

इथे त्यांनी खिशातून पानाचा डबा काढला. वादात दोघे पहिल्यांदाच एका बाजूला आले होते आणि कोणालाच ते फारसं रुचलेलं दिसलं नाही.

मामा : बरं. तळं झालं असं धरू. पाणी निवळतं म्हणतेस ते कसं, ते मला सांग. तुझ्या विद्यार्थ्यांना सांगतेस तसं नको.

भाची : माठात गढूळ पाणी रात्रभर ठेवलं की सकाळी...

मामा : माठाचं राहू दे. याला गणित आहे. उभ्या पाण्यात कण जितका बारीक तितका तो सावकाश खाली बसतो, आणि हा वेळ वर्गाच्या हिशेबात वाढतो. मीटरभर खोल पाणी घे. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण दोन मिनिटांत तळाला. त्याच्या दहाव्या हिश्शाचा कण तीन तासांत. त्याच्याही दहाव्या हिश्शाचा, म्हणजे आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती, तिला बारा-तेरा दिवस. तेही वारा पडलेला असेल तर. नाशिकच्या पावसाळ्यात तुझ्या तळ्याला बारा दिवसांची सवड कोण देणार? दुसऱ्या दिवशी पुढचं पाणी हजर. म्हणजे वाळू बसेल, चिकणमाती जशी आली तशी जाईल. आणि शिसं, जस्त, फॉस्फरस हे वाळूला चिकटतं की बारीक मातीला?

भाची : बारीक मातीला.

मामा : झालं तर मग. जे धरायचं तेच निसटतंय.

भाची : निसटतं, जर नुसता खड्डा असेल तर. म्हणून काठाने उथळ पट्टा ठेवायचा आणि त्यात पानकणीस, लव्हाळे लावायचे. दाट देठांमधून पाणी रेंगाळतं, वाऱ्याची लाट मोडते. पाण्यातल्या प्रत्येक देठावर शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो, बारीक कण त्याला चिकटून बसतात. मुळांशी जिवाणू नायट्रेट खातात. खालच्या काळ्या चिखलात जिथे प्राणवायू नाही तिथे त्याचा साधा नायट्रोजन वायू होऊन तो हवेत निघून जातो. उघड्या पाण्यावर ऊन पडतं, त्याने रोगजंतू मरतात. फार फुशारकी मारत नाही मी. चांगलं आखलेलं तळं गढूळपणाचा मोठा भाग धरतं, फॉस्फरस साधारण निम्मा, नायट्रोजन त्याहून कमी. विरघळलेलं मीठ आणि रसायनं मात्र जवळपास तशीच पार होतात. कारखान्याचं पाणी तळ्यात सोडून चालणार नाही, त्याला त्याचं वेगळं केंद्रच हवं.

मामा : आणि ते पानकणीस वाळून पाण्यातच पडलं की?

भाची : धरलेला फॉस्फरस परत पाण्यात. म्हणून ते दरवर्षी कापायचं आणि बाहेर न्यायचं.

मामा : कोण कापणार?

मला आठवतं, हा प्रश्न त्या दिवशी मामांनी निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला. कोण कापणार, कोण उपसणार, कोण बघणार. सरकारी नोकरीत माणूस बाकी काही शिको न शिको, बांधकामाचं उद्घाटन होतं आणि देखभालीचं होत नाही, हे मात्र पुरतं शिकतो.

डासांचा विषय निघाला आणि फार लवकर संपला. मामांनी डेंग्यूचं नाव काढलं. भाची म्हणाली की डेंग्यूचा डास घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या बशीत आणि गच्चीवरच्या टायरमध्ये वाढतो. मासे, चतुरांच्या अळ्या असलेल्या आणि वाऱ्याने हलणाऱ्या उघड्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही; घाण पाण्यातल्या डासांना तुंबलेली झाकलेली गटारं जास्त मानवतात. मामा ‘हं’ म्हणाले. शेततळ्यांचाही विषय निघाला, कारण निफाडच्या वाटेवर ती पावलोपावली दिसतात. जिल्ह्यात इतकी तळी आहेत, आणखी कशाला, असं मामांचं म्हणणं. भाचीने त्यातल्या बहुतेकांना तळं म्हणायलाच नकार दिला. तळाला प्लास्टिकचा कागद, काठ उभे आणि निसरडे. पावसाचं पाणी थोडंच, बाकी विहिरीतून मोटरने उपसून साठवलेलं. कोल्हं, कुत्रं पाणी प्यायला उतरलं की त्याला वर येता येत नाही. द्राक्षाला उन्हाळ्यात पाणी लागतं म्हणून शेतकरी ते करतो, त्यात त्याचं चूक नाही, पण ती साठवणुकीची टाकी आहे. तळ्याला उतरता काठ हवा आणि तळाला माती. यावर मामा काही बोलले नाहीत. त्यांच्या सासुरवाडीला तसलंच शेततळं आहे.

खरी लढाई त्यानंतर झाली.

मामा : आता माझं ऐक. तू म्हणतेस तशी तळी महाराष्ट्रात झालेली आहेत. नवी मुंबईत. सिडकोने शहर वसवलं ती जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. पाऊस आणि भरती एकदम आली तर शहर बुडणार. म्हणून वाशीपासून बेलापूरपर्यंत धारण तलाव केले. हॉलंडची पद्धत. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटीला झडपा उघडतात, पाणी खाडीत जातं. उत्तम कल्पना. पुढे काय झालं?

भाची : गाळ काढला नाही.

मामा : वर्षानुवर्षं काढला नाही. गाळात कांदळवन उगवलं. कांदळवनात बगळे, खेकडे, सगळं आलं. आता कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, २०१८ साली उच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केलं, आणि योग्यच केलं. पण तलाव उथळ झालेत. उपसायचे तर कांदळवन तोडावं लागतं, तोडायचं तर न्यायालयात जावं लागतं. महापालिका म्हणते शहर बुडेल. तुझ्यासारखी माणसं म्हणतात झाडाला हात लावू नका. बोल, कोण खोटं बोलतंय?

भाची : कोणीच नाही.

मामा : तेच मी म्हणतो! तळं काम करायला लागलं की गाळ धरतं. गाळ धरला की त्यावर जीव येतो. जीव आला की तुम्ही त्याला हात लावू देत नाही. मग तळं काम करायचं थांबतं. आणि हा समोरचा बंधारा? तोच प्रकार. खालचे शेतकरी म्हणतात गाळ काढा. वरचे सायखेडा-चांदोरीवाले म्हणतात, गाळामुळे पुराचं पाणी आमच्या घरात येतं. २०१९ ला गावंच्या गावं पाण्यात होती.

भाची : गाळ काढला तर सायखेड्याचा पूर कमी होईल? अभियंता म्हणून सांगा.

मामा घुटमळले. त्यांच्या या घुटमळण्याचं मला कौतुक वाटलं, कारण सोयीचं उत्तर त्यांच्या जिभेवर होतं.

मामा : फारसा नाही. सांडव्याची उंची तीच राहणार. जेवढा गाळ काढशील तेवढ्या जागेत पूर येण्याआधीच पाणी भरून बसेल. मोठ्या पुराला फरक पडायचा तर दारं वाढवायला हवीत, पाणी वेळेवर खाली सोडायला हवं. गाळ काढल्याचा फायदा कालव्याला होईल, पुराला थोडाच.

भाची : मग इथला गाळ राहू द्या. इथे आता दुसरा संसार उभा आहे. पण इथे नवा गाळ कमी यावा म्हणून वर, शहरात, दुसरी तळी करा. त्यांच्यात मात्र पहिल्या दिवसापासून ठरवून टाका की हे गाळाचं तळं आहे, पाखरांचं नाही. तळ्याच्या तोंडाशी एक पक्की कुंडी, जड माती आणि कचरा तिथेच अडला पाहिजे. ट्रॅक्टर आत उतरेल असा उतार. ती कुंडी दरवर्षी उपसायची. मागचा उथळ पट्टा कमी घाण होतो, तो चार-पाच वर्षांनी, एका वेळी अर्धाच. अर्ध्यात जीव तगतो आणि पुन्हा पसरतो. नवी मुंबईत चुकलं ते हेच, काम कोणतं आणि घर कोणाचं हे आधी वाटून घेतलं नाही.

मला विचाराल तर त्या सकाळी बोलल्या गेलेल्या सगळ्यात हे वाक्य सर्वांत वजनाचं होतं. नाशिकमध्ये पाणथळ जागेचा विषय निघाला की एका बाजूने ‘सुशोभीकरण’ येतं, म्हणजे पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि काँक्रीटचा काठ, आणि दुसऱ्या बाजूने ‘हात लावू नका’. गोदावरीच्या काठावर तर आपण कुंडांच्या तळाशीही काँक्रीट ओतलं आणि नंतर ते फोडा म्हणून भांडत बसलो. कष्टाच्या तळ्याची, म्हणजे जे राबतं आणि ज्याला राबवणाऱ्याने जपायचं असतं, अशा तळ्याची सवयच या शहराला नाही.

मामा : उपसायचं कधी?

भाची : मे महिन्यात. परदेशातल्या बऱ्याच तळ्यांना बारमाही पाऊस असतो, उपसायची पंचाईत होते. आपल्याकडे पाऊस चार महिने. तुम्ही मघापासून याला अडचण म्हणून मोजताय, मला ती सवड वाटते. एप्रिलपर्यंत थंडीचे पाहुणे परत गेलेले असतात, तळं आटतं, जलपर्णी वाळते, यंत्र आत उतरू शकतं. हंगामी तळ्याचा स्वतःचा जीव असतो. बेडूक, चतुर, कमळपक्षी पहिल्या पावसाला परत येतात.

मामा : कागदावर. नासर्डीला बारा महिने सांडपाणी वाहतं. तुझं तळं मे महिन्यात आटणार नाही, सडेल. वर जलपर्णीचं हिरवं गादीसारखं आच्छादन, खाली प्राणवायू संपलेला. आणि प्राणवायू संपला की तळाच्या गाळातला फॉस्फरस सुटून परत पाण्यात येतो, हे तूच मला मागे सांगितलं होतंस.

भाची : मग सांगा की उपाय. तुमचं खातं आहे ते.

मामा : (थोडा वेळ थांबून) नाल्यात आडवी बुटकी भिंत घालायची. दोन-तीन फूट. कोरड्या दिवसांचं सांडपाणी तिच्यामागे अडून बाजूच्या मलवाहिनीत वळेल, सरळ आगर टाकळीच्या केंद्रात. पावसात पाणी वाढलं की भिंतीवरून उडी मारून तळ्यात. आणि मोठा पूर आला तर तळ्याला वळसा घालून थेट नदीत. नाहीतर आधी बसलेला गाळही उचलून नेईल. तीन वाटा लागतात. अवघड नाही. पण पावसाळी गटारीत कोणी सांडपाण्याची जोडणी केली तर सगळं मुसळ केरात.

भाची : म्हणजे होऊ शकतं.

मामा : होऊ शकतं आणि होईल यात माझी बत्तीस वर्षं गेली आहेत.

ऊन चढलं होतं. दलदल ससाणा पाण्यावरून गेला आणि वारकरी पक्ष्यांचा सगळा जमाव एकदम आत सरकला. कोणीतरी मनोऱ्यावर चढून ‘रोहित पक्षी आलेत का’ म्हणून विचारून गेलं. भाचीने या संधीचा फायदा घेतला नाही, उलट स्वतःच्याच बाजूला छेद दिला.

भाची : एक कबूल करते. पाखरं आली म्हणजे पाणी स्वच्छ झालं, असं नाही. शेकाट्या सांडपाण्याच्या काठावर मजेत असतो. ठाण्याच्या खाडीत रोहित हजारोंनी येतात, आणि सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ हेही त्याचं एक कारण असावं असं अभ्यासक म्हणतात. शहराच्या तळ्यात पाखरं आली तर लोक फोटो काढतील, बातमी येईल, आणि तळाच्या गाळात शिसं साचतंय ते मासा खाईल, माशाला पाणकावळा. पाखराला तळं चांगलं की विषारी हे वरून कळत नाही. म्हणून गाळाच्या तळ्यात मासे सोडून मासेमारीचा ठेका देऊ नये.

मामा : कोलकात्यात तर सांडपाण्यावरच मासे करतात.

भाची : पूर्व कोलकात्याच्या पाणथळी, हो. साडेबारा हजार हेक्टर, २००२ पासून रामसरमध्ये. पण ते मुख्यतः घरांचं सांडपाणी, आणि ते उथळ भेड्यांमध्ये, म्हणजे मासे वाढवायच्या तळ्यांमध्ये, उन्हाने, शेवाळाने शुद्ध करून मगच मासे वाढवायचं कसब तिथल्या कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलंय. जगाला ते समजावून सांगितलं ध्रुवज्योती घोष यांनी. ते अभियंताच होते, मामा.

मामा : असणारच.

भाची : आणि तिथे गाळ निघतो, बांध दुरुस्त होतात, कारण तळ्यावर हजारोंचं पोट आहे. तुमच्या ‘कोण उपसणार’चं उत्तर तिथे आहे.

मामा : नाशिकमध्ये तळ्यावर कोणाचं पोट?

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही. नर्सरीवाले गाळ नेतील, गवत गोठ्यांत जाईल असं काहीतरी ती म्हणाली, पण तिच्याच आवाजात दम नव्हता.

मामा : आणखी एक विचारतो. तो देवळालीचा मासा, ज्याची तू कॉलेजात पोस्टरं लावतेस...

भाची : देवळाली मिनो. बोटाएवढा. १९३० च्या दशकात देवळालीजवळच्या पाण्यातून त्याची शास्त्रात नोंद झाली, आज तो नाहीसा होण्याच्या अगदी काठावर आहे. रामसरच्या माहितीत त्याचं नाव आहे.

मामा : त्याला तुझ्या तळ्याने काय मिळणार?

भाची : तळ्यात काहीच नाही. त्याला वाहतं पाणी, दगडगोटे आणि भरपूर प्राणवायू हवा. थांबलेल्या पाण्यात तो जगायचा नाही. फार तर एवढंच, की नाल्यांची माती आणि तेल तळ्यांत अडलं तर नदीच्या दगडांवर बसणारा चिखल कमी होईल. तळं हे वाहत्या नदीला पर्याय नाही. नदीत दर दोन मैलांवर बंधारे घालून त्याला तळं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

मामा : तिथे आपलं जमेल.

डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी. खाताना मामांनी माझ्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला पेन्सिलने नासर्डी काढली. टाकळीच्या संगमाच्या थोडं वर एक चौकोन, त्याच्या तोंडाशी कुंडी, बाजूला मलवाहिनीची तुटक रेघ. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

मामा : आता शेवटचं. उपसलेला गाळ नेणार कुठे? ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ म्हणून सरकार धरणाचा गाळ शेतात टाकायला सांगतं. तो गाळ माळरानाची माती असतो. हा द्वारकेच्या चौकातला. निफाडच्या द्राक्षबागेत टाकलास आणि युरोपात पेटी तपासणीत अडकली, तर शेतकरी तुला आणि मला दोघांना शोधत येईल.

भाची : तपासल्याशिवाय टाकायचा नाही. धातू मर्यादेत निघाले तर रस्त्याच्या भरावाला, बागांना. जास्त निघाले तर घातक कचऱ्याच्या सुरक्षित भरावात.

मामा : त्याचा खर्च तळ्यापेक्षा जास्त होईल.

भाची : होऊ शकतो. पण आज तो खर्च कोणीच देत नाही असं नाही ना. आज तो इथे जमा होतोय.

मामा : हे बोलणं झालं, हिशेब नाही. आधी नासर्डीतल्या मातीचा नमुना काढ. शिसं किती, जस्त किती, ते कळल्याशिवाय मी या चौकोनाला मापं घालणार नाही.

भाची : काढते. दोन ठिकाणचे.

मामा : तीन. औद्योगिक वसाहतीच्या खाली एक, द्वारकेला एक, टाकळीला एक. आणि वळवाच्या पहिल्या सरीचं पाणी वेगळ्या बाटलीत.